दूध कधी तोडायचं, वासरू कधी विकायचं

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात सँडहिल्स नावाचा मोठा प्रदेश आहे. गवताच्या मुळांनी बांधून धरलेल्या वाळूच्या टेकड्या. नांगर घातला तर वाऱ्याबरोबर उडून जातील अशा. त्यामुळे तिथे पिकं फारशी नाहीत, गाई आहेत. तिथल्या चेरी नावाच्या परगण्यात मांसासाठी पाळलेल्या जितक्या गाई आहेत, तितक्या देशातल्या दुसऱ्या कुठल्याच परगण्यात नाहीत. आणि त्यांतल्या एकाही गाईची धार कुणी काढत नाही.

आपल्या गोठ्यात वासराचा आणि माणसाचा दावा एकाच कासेवर असतो. दोन सड वासराला, दोन घराला, अशी तडजोड करून दोघांचं भागवतात. सँडहिल्समधल्या काळ्या अँगस किंवा तांबड्या-पांढऱ्या हेरफर्ड गाईचं सगळं दूध वासराचं. गाय वर्षभर पोसायची, तिच्याकडून वर्षाला एक वासरू घ्यायचं आणि ते सहा-सात महिन्यांचं झालं की विकायचं, एवढंच या धंद्याचं स्वरूप. वर्षात पैसा हातात येतो तो एकदाच, बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. विकलेलं वासरू पुढे फीडलॉटवर, म्हणजे हजारो जनावरं कुंपणात ठेवून मक्यावर पोसणाऱ्या तळावर, वाढतं आणि दीड-दोन वर्षांचं झालं की कत्तलखान्यात जातं. हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात 2015 पासून गाईंबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे गोऱ्ह्याचं करायचं काय हा प्रश्न वेगळ्याच वाटेने जातो. तरी अमेरिकेतल्या पशुपालकाचा हिशेब मुळातून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात गवत, गाय, बाजार आणि बँक अशा चार जणांच्या तारखा एकमेकींशी भांडत असतात.

रूढ पद्धत अशी: फेब्रुवारी ते एप्रिल गाई वितात. उन्हाळाभर गाई-वासरं कुरणात असतात. ऑक्टोबरात एका सकाळी सगळा कळप वाड्यात आणतात, वासरं वेगळी काढतात आणि तशीच ट्रकमध्ये चढवून बाजाराला नेतात. आईचं दूध सुटणं, घर सुटणं आणि मालक बदलणं एकाच दिवशी. मला वाटतं, सगळा घोळ इथे होतो. तोडायचं कधी आणि विकायचं कधी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर गाईच्या अंगावर आणि कुरणात शोधायचं असतं, दुसऱ्याचं बाजारात. दोन्हींना एकच तारीख लावली की त्यांतल्या एकाचं उत्तर हमखास चुकतं.

आधी वासराकडे पाहू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. जन्मल्या वासराचं रवंथाचं मोठं पोट नावापुरतं असतं. दूध त्याला वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरतं. आईशेजारी उभं राहून ते गवताला तोंड लावू लागलं की त्या मोठ्या पोटात जंतूंची वस्ती होते, आतलं अस्तर वाढतं आणि दोन-तीन महिन्यांत ते चारा-दाण्यावर जगण्याइतकं तयार होतं. गाईचं दूध व्याल्यानंतर साधारण दोन महिन्यांनी शिगेला पोचतं आणि मग उतरत जातं. वासराची भूक मात्र चढतच असते. चार-पाच महिन्यांचं वासरू लुचताना दिसतं खरं, पण त्याचं बरंचसं पोट तोवर गवतावर भरत असतं.

या धंद्यात 205 दिवस हा आकडा सतत ऐकू येतो. वेगवेगळ्या तारखांना जन्मलेल्या वासरांची तुलना करता यावी म्हणून प्रत्येकाचं वजन हिशेबाने 205 दिवसांच्या वयाला आणतात. कोणत्या गाईचं वासरू चांगलं वाढलं, कोणता वळू ठेवायचा, हे त्यावरून ठरतं. सोयीसाठी ठरवलेल्या या आकड्याला पुष्कळ जण दूध तोडण्याचं शास्त्रोक्त वय समजून बसतात. तसं काही नाही. केनियात मोकळ्या वावरणाऱ्या झेबू, म्हणजे वशिंडवाल्या गाईंच्या एका कळपाचं निरीक्षण 1981 साली प्रसिद्ध झालं. माणसाने मध्ये हात घातला नाही तेव्हा गाईंनी कालवडींना साधारण नवव्या महिन्यात आणि गोऱ्ह्यांना अकराव्या महिन्यात आपण होऊन दूर केलं. थोडक्यात, चांगला खुराक असेल तर वासरू दोन महिन्यांचंही तोडता येतं आणि कुणी लक्ष दिलं नाही तर ते जवळजवळ वर्षाचं होईपर्यंत लुचत राहतं. एवढी ऐसपैस मुदत असेल तर वासराच्या वयावरून तारीख निघणार कशी?

ती निघते गाईवरून. गाईचा गाभणकाळ सुमारे 283 दिवसांचा. दर वर्षी एक वासरू हवं असेल तर 365 मधून 283 वजा जाता उरतात 82 दिवस. व्याल्यापासून एवढ्या दिवसांत गाय सावरायला हवी, माजावर यायला हवी आणि पुन्हा गाभण राहायला हवी. आणि हे सगळं अंगावर वासरू पीत असताना. गाय विताना खंगलेली असेल तर ती माजावरच उशिरा येते. मग ती पुढच्या वर्षी उशिरा विते, तिचं वासरू ऑक्टोबरात इतरांपेक्षा लहान भरतं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ती रिकामीच राहते. रिकामी गाय म्हणजे वर्षभर फुकट पोसलेलं तोंड. म्हणून ऑक्टोबरातल्या त्या सकाळी जाणता पशुपालक वासराआधी त्याच्या आईकडे बघतो.

तो काय बघतो ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. गाईच्या अंगावरच्या मांसाला एक ते नऊ असे गुण देतात. एक म्हणजे हाडांचा सापळा, नऊ म्हणजे चरबीने थुलथुलीत. नजर आधी बरगड्यांवर जाते. शेवटच्या दोन बरगड्या लांबून दिसल्या तर चालतं, त्यांच्या पुढच्याही मोजता येऊ लागल्या तर गाय पाचाखाली गेली. मग कंबरेची खुब्याची हाडं: ती गोलसर दिसतात की टोकं वर आलेली? शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना भराव आहे की खड्डे पडलेत? गळ्याखाली पोळी आणि छाती भरलेली आहे का? हिवाळ्यात केस वाढले की डोळा फसतो, म्हणून जाणते लोक पाठीवरून हात फिरवून बघतात. विताना गाय पाच गुणांवर हवी. पहिलटकरीण सहावर, कारण ती स्वतःच अजून वाढत असते. एक गुण म्हणजे साधारण 35 ते 45 किलो वजन. ऑक्टोबरात चारावर आलेल्या गाईला मार्चपर्यंत पाचावर न्यायचं तर एवढं वजन तिच्या अंगावर चढवायचं, आणि तेही पोटातलं वासरू झपाट्याने वाढत असताना, उणे तापमानात.

हे वजन स्वस्तात चढवायची वेळ एकच: वासरू तोडल्यानंतर, पण बर्फ पडण्याआधी. दूध देणाऱ्या गाईची अन्नाची गरज आटलेल्या गाईपेक्षा बरीच जास्त असते. सप्टेंबरनंतर कुरणातलं गवत पिवळं पडतं. त्यातली प्रथिनं उतरत उतरत हिवाळ्यात पाच-सहा टक्क्यांवर येतात. अशा गवतावर गाय दूधही देणार आणि अंगही धरणार, हे होत नाही. वासरू तोडलं की आठवडाभरात ती आटते आणि तेच गवत तिच्या अंगी लागू लागतं. तेच काम जानेवारीत करायला गेलं तर गंजीतलं वाळलं गवत आणि पेंड विकत घालावी लागते. वासरू महिनाभर आधी तोडल्याने ते पंधरा-वीस किलोने हलकं जाईल, पण गाईच्या अंगावर राहिलेलं मांस हिवाळ्याच्या वैरणीत आणि पुढच्या वर्षीच्या गाभण टक्केवारीत परत मिळतं. अडचण एवढीच, की वासराचं वजन काट्यावर लगेच दिसतं आणि गाईचा फायदा दीड वर्षाने. माणूस काट्यावर विश्वास ठेवतो.

दुष्काळात हा हिशेब एकदम उघडा पडतो. ऑक्टोबर 2010 ते सप्टेंबर 2011 हे टेक्सासच्या नोंदींतलं सर्वांत कोरडं वर्ष ठरलं. पाणवठे आटले, गवत करपलं, आणि वर्षभरात त्या राज्यातली गुरं दहा लाखांहून अधिक घटली. अशा वेळी पहिला सल्ला असतो तो वासरं लवकर तोडा, अगदी तीन-चार महिन्यांची असली तरी. वासरू वाचवण्यासाठी हे करत नाहीत. दूध थांबलं की गाईला कमी चाऱ्यावर धरून ठेवता येतं आणि वासराच्या तोंडचं गवतही शिल्लक राहतं. लहान वासरू मोजक्या, पण चांगल्या खुराकावर झपाट्याने वाढतं. गाईला खाऊ घालून तिचं दूध वासराला पाजायचं, त्यापेक्षा तोच खुराक थेट वासराला घालणं केव्हाही स्वस्त. गाय मात्र एकदा विकली की कळपाची अनेक वर्षांची निवड तिच्याबरोबर जाते. पाऊस पडल्यावर तशी गाय बाजारात मिळत नाही, आणि मिळाली तरी तेव्हा सगळ्यांनाच हवी असते.

नेब्रास्का विद्यापीठाचं गुडमंडसेन नावाचं संशोधन कुरण सँडहिल्समध्येच आहे. तिथे एक वेगळा प्रश्न विचारला गेला: मुळात मार्चात, बर्फात गाई वितात कशाला? मे-जूनमध्ये व्याल्या तर दूध शिगेला पोचेल तेव्हा कुरणही हिरवंगार असेल. तसं करून पाहिल्यावर वैरणीचा खर्च उतरला. वासरं मात्र शरदात लहान आणि हलकी भरली, मग ती हिवाळाभर ठेवायची की हलकीच विकायची हा नवा प्रश्न उभा राहिला. या धंद्यात एक तारीख हलवली की बाकीच्या सगळ्या हलतात.

आता प्रत्यक्ष तोडण्याचा दिवस. पहाटे घोड्यांवरून किंवा चारचाकी मोटरसायकलींवरून कळप वाड्याकडे वळवतात. अरुंद गल्लीच्या तोंडाशी एक माणूस फाटक धरून उभा असतो. समोरून येणारं जनावर गाय की वासरू हे बघून तो फाटक इकडे-तिकडे लोटतो, गाय डावीकडे, वासरू उजवीकडे. नवखा माणूस तिथे गोंधळतो. मुरलेला माणूस जवळजवळ न हलता काम करतो, खांदा जरा वळवला की गाय थबकते. दुपारपर्यंत दोन कळप होतात आणि हंबरणं सुरू होतं. ते दोन-तीन दिवस आणि रात्री चालतं. गाई जिथे वासराला शेवटचं पाजलं तिथे परत परत येतात. वासरं कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारतात, धूळ उडवतात, खाणं सोडतात. ती धूळ नाकात जाते, अंग थकतं, आणि पुढच्या आठवड्यात खोकला सुरू होतो.

हा ताण कमी करता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2003 साली एक साधी गोष्ट मोजून दाखवली. वासरं आईपासून पार दूर न नेता मजबूत कुंपणाच्या पलीकडे, आई दिसेल, हुंगता येईल, पण लुचता येणार नाही अशी ठेवली. ती कमी हंबरली, कमी चालली, आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचं वजन एकदम दूर नेलेल्या वासरांपेक्षा जवळजवळ दुपटीने वाढलं. दहा आठवड्यांनंतरही ती पुढेच होती. कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठातल्या मंडळींनी दुसरी युक्ती तपासली. वासराच्या नाकात प्लास्टिकची छोटी झडप अडकवायची. खाली मान घालून चरताना आणि पाणी पिताना ती बाजूला होते, सड तोंडात घ्यायला गेलं की मध्ये येते. चार-सहा दिवस वासरू आईशेजारीच असतं, फक्त दूध नाही. मग झडप काढून वेगळं करायचं. आधी दूध तोडायचं, मग आई. एका फटक्यात दोन्ही तोडलेल्या वासरांशी तुलना करता या वासरांचं हंबरणं नव्वद टक्क्यांहून अधिक घटलं. यात एक मेख आहे: वासरं दोनदा वाड्यात आणावी लागतात. मोठ्या कळपाला ती मजुरी परवडत नाही.

आणि हो, मुहूर्तही असतो. 1792 पासून निघणारं ओल्ड फार्मर्स अल्मनॅक हे अमेरिकन पंचांग दर महिन्याला दूध तोडायचे चांगले दिवस छापतं, आणि आजही कित्येक पशुपालक ते पाहूनच फाटक बंद करतात. परंपरेने चालत आलेला नियम असा, की चंद्र मकर, कुंभ किंवा मीन राशीत असावा. राशी शरीरावर मांडल्या की या तीन येतात गुडघे, पोटऱ्या आणि पावलांवर. आपल्या ज्योतिषातल्या कालपुरुषाची मांडणीही तीच. चंद्र पोट आणि काळजापासून खाली सरकला की वासरं कमी हंबरतात, असा समज. पुरावा काही नाही. पण तो पाहणारा माणूस निदान आठवडाभर आधी तारीख ठरवतो, कुंपण तपासतो, पाण्याची टाकी भरून ठेवतो. वासरं शांत राहण्याचं श्रेय चंद्राला जातं, काम बहुधा या तयारीने केलेलं असतं.

दूध तुटलं. आता विकायचं कधी?

नाशिककडच्या कांदा उत्पादकाला जे कळतं ते नेब्रास्काच्या पशुपालकालाही कळतं: सगळ्यांचा माल एकदम आला की भाव बसतो, चाळीत ठेवला तर भाव चढू शकतो, पण तोवर माल सडू शकतो. अमेरिकेत वासरांचे भाव बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात खाली असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये, नवं गवत येऊ लागल्यावर हलक्या वासरांना मागणी आली की वर. मग सगळेच वसंतापर्यंत का थांबत नाहीत? कारण वासरू थांबत नाही, ते खातं आणि वाढतं. आणि वाढलेल्या वासराला पाउंडामागे कमी भाव मिळतो.

ही उतरण नीट समजली नाही तर बाकी सगळं वाया. हिशेबापुरते आकडे घेऊ. 500 पाउंडांचं, म्हणजे सव्वादोनशे किलोंचं वासरू, पाउंडाला 3 डॉलर भावाने 1500 डॉलरला जातं. तेच 600 पाउंडांचं झालं की भाव 2.75, किंमत 1650. पट्टीवर 2.75 लिहिलंय म्हणून वाढवलेल्या प्रत्येक पाउंडाला 2.75 मिळाले असं वाटतं. प्रत्यक्षात 100 पाउंडांनी 150 डॉलर आणले, पाउंडाला दीड. ते वजन चढवायला वैरण, पेंड, औषध, व्याज आणि मरतुक धरून पाउंडाला 1.20 लागले तर थांबणं फायद्याचं; 1.70 लागले तर वजनदार वासरू अभिमानाने तोट्यात विकलं. मला या सगळ्या विषयात ही एक वजाबाकी सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि बाजारातून परतताना वासराचं वजन सांगणारे बरेच असतात, ही वजाबाकी सांगणारे थोडे.

उतरणीचा कल ठरवतो मका. मका स्वस्त असेल तर फीडलॉटवाल्याला हलकं वासरू हवं असतं, कारण त्याच्या अंगावर वजन चढवणं स्वस्त. मग हलक्याला चढा भाव आणि उतरण तीव्र. मका महागला की तो म्हणतो, वजन दुसऱ्या कुणीतरी गवतावर चढवून आणा. हलक्या वासराचा भाव पडतो आणि उतरण सपाट होते. 2012 च्या दुष्काळात मका बुशेलला 8 डॉलरच्या वर गेला तेव्हा गवत हातात असणारा माणूसच राजा होता. तसं गवत ओक्लाहोमा आणि कॅन्ससमध्ये हिवाळ्यात मिळतं, तेही गव्हाच्या शेतात. सप्टेंबरात पेरलेला गहू नोव्हेंबरपासून वासरं चरतात. मार्चच्या सुमारास खोड उंचावू लागून आत पोकळी दिसली की त्यांना बाहेर काढतात. तोच गहू पुढे जूनमध्ये कापतात. म्हणून ओक्लाहोमात पाऊस वेळेवर झाला की त्याचा परिणाम शेकडो मैलांवरच्या वासराच्या भावावर दिसतो.

लिलावघरात हे सगळं अर्ध्या-एक मिनिटात उरकतं. अर्धगोल रिंगणात भुसा टाकलेला. एका दारातून सारख्या अंगाची, सारख्या रंगाची दहा-पंधरा वासरं आत येतात. वर पाटीवर सरासरी वजन झळकतं. लिलाव करणारा एका दमात बोली ओढत असतो, आणि पायऱ्यांवर बसलेले दलाल भुवई किंवा बोट हलवून सौदा करतात. हे दलाल दूरच्या फीडलॉटसाठी माल गोळा करतात. त्यांना ट्रक भरायचा असतो, आणि एका ट्रकात सुमारे 50 हजार पाउंड मावतात, म्हणजे 550 पाउंडांची नव्वदेक वासरं. पण अमेरिकेतला सरासरी मांसल गाईंचा कळप पन्नासच्या आतबाहेरचा. त्यातून विकायला निघतात वीस-बावीस गोऱ्हे, काही मोठे, काही लहान, एखादा भलत्याच रंगाचा. अशा तुकडीला भाव कापूनच मिळतो. भरल्या ट्रकाचा माल असलेल्यांसाठी 1987 पासून उपग्रहावरून चित्रफितीचा लिलाव निघाला: वासरं कुरणातच, भाव उन्हाळ्यात ठरलेला, माल शरदात द्यायचा, आणि वासरू ठरल्यापेक्षा जड भरलं तर पाउंडामागे किती कापायचे हेही करारात. मोठ्याला मिळणारी ही सोय लहानाला मिळत नाही.

दलाल आणखी एक गोष्ट बघतो, ती दिसत नाही. फुप्फुसं. वासराच्या नाका-घशात एरवी निमूट राहणारा मॅनहायमिया नावाचा जंतू आहे, आपल्या घटसर्पाच्या जंतूच्याच घराण्यातला. आई सुटली, ट्रकमध्ये बारा तास उभं राहिलं, दहा गावच्या वासरांबरोबर कोंडलं, एखाद्या विषाणूने नाकाचं अस्तर दुखावलं, की हा जंतू खाली फुप्फुसांत उतरतो. या आजाराला तिथे वाहतुकीचा ताप म्हणतात, आणि फीडलॉटमधलं सर्वांत महागडं दुखणं तेच. आजारपण बहुतेक तोडल्यापासून पहिल्या तीन-चार आठवड्यांत येतं. म्हणून टेक्सासच्या विद्यापीठाच्या कार्यक्रमातून 45 दिवसांचा नियम रुळला: घरीच तोडा, श्वसनरोगांच्या आणि फऱ्याच्या लशी दोनदा टोचा, गव्हाणीत तोंड घालायला आणि टाकीतून प्यायला शिकवा, गोऱ्हे आधीच खच्ची केलेले असू द्या, आणि मग विका. अशा वासरांना बाजार जास्त भाव देतो.

यातला प्रामाणिक आक्षेपही खरा आहे. 45 दिवसांची वैरण आणि लशी विकणाऱ्याच्या खिशातून जातात, मेलं तर वासरू त्याचं जातं, आणि निरोगी वासराचा मोठा फायदा फीडलॉटला मिळतो. वरकड भावात सगळा खर्च दर वर्षी निघेल याची हमी नाही. निघतो तो बहुधा त्या 45 दिवसांत वाढलेल्या वजनातून, म्हणजे पुन्हा तीच वजाबाकी करूनच ठरवायचं. शिवाय घट आहे: थेट आईपासून उचलून ट्रकमध्ये घातलेलं वासरू काट्यावर पोचेपर्यंत पाच-आठ टक्के वजन सहज गमावतं. 550 पाउंडांवर सहा टक्के म्हणजे 33 पाउंड, शेण-मूत्र आणि घामाच्या रूपाने रस्त्यावर. घरी तोडून सावरलेलं वासरू एवढं घटत नाही.

दक्षिणेकडे, टेक्सासच्या किनाऱ्यावर आणि फ्लोरिडात, भावाची आणखी एक कापाकापी होते आणि तिचा धागा आपल्यापर्यंत येतो. तिथल्या उकाड्यात आणि गोचिडांत टिकावी म्हणून घडवलेली अमेरिकन ब्राह्मण ही जात भारतातल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या गुरांच्या रक्तातून आली. तिच्या संघाची स्थापना 1924 साली झाली. कुरणात ही रक्ताची भर सोनं ठरते: आई दणकट, दूध भरपूर, वासरू जोमदार. पण उत्तरेकडच्या फीडलॉटचे दलाल लांब लोंबते कान आणि गळ्याची पोळी पाहिली की भाव उतरवतात, कारण थंडीत ही जनावरं मागे पडतात आणि मांस तितकं मऊ नसतं. अशा वासरांचा मालक नोव्हेंबरात उत्तरेच्या थंडीच्या तोंडावर विकत नाही, जमलं तर आधीच विकतो.

बँक आणि करखातं यांचं फार बोललं जात नाही, पण कित्येक घरांत खरी तारीख तेच ठरवतात. कर्जाचा हप्ता डिसेंबरात असेल तर वसंतातला भाव कितीही गोड असो, वासरं नोव्हेंबरात जातात. शेतकऱ्याचं उत्पन्न पैसे हाती आले त्या वर्षात मोजतात, म्हणून हात मोकळा असलेला माणूस 28 डिसेंबरला न विकता जानेवारीत विकतो. दुष्काळामुळे नेहमीपेक्षा जास्त जनावरं काढावी लागली तर त्या जादा विक्रीचं उत्पन्न वर्षभर पुढे ढकलण्याची कायद्यात सोय आहे. आणि घरातलं एक जण शाळेत किंवा कारखान्यात नोकरीला असेल तर तोडणी सुट्टीच्या दिवशी होते. शिफारशी लिहिणाऱ्यांनी हे कारण क्षुल्लक समजू नये.

गेल्या काही वर्षांत एक प्रश्न बाकीच्यांवर वरचढ झाला आहे. लागोपाठच्या दुष्काळांनी अमेरिकेतली एकूण गुरं 1 जानेवारी 2025 च्या मोजणीत सुमारे 8 कोटी 67 लाखांवर आली, 1951 नंतर सर्वांत कमी. वासरांचे भाव विक्रमी झाले. तोडणीच्या दिवशी फाटकावरचा माणूस आता गोऱ्ह्यांपेक्षा कालवडींकडे जास्त वेळ बघतो. कळप टिकवायचा तर दर वर्षी काही चांगल्या कालवडी ठेवाव्याच लागतात, वाढवायचा तर आणखी. पण इतका भाव कालवडीला यापूर्वी कधी मिळाला नव्हता, आणि पशुपालकाचं सरासरी वय साठीकडे झुकलेलं आहे. 2025 च्या वसंतात जन्मलेली कालवड ठेवली तर ती 2026 च्या उन्हाळ्यात वळूला दाखवायची, 2027 च्या वसंतात ती विणार, आणि तिचं पहिलं वासरू त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विकायला येणार. विकली तर चेक त्याच आठवड्यात. 2025 मध्ये बहुतेक जण विकत होते, आणि त्यामुळे कळप वाढत नव्हता आणि भाव उतरत नव्हता.